तलावांवर उभी राहिलेली राज्ये

लंका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रामायणातली सोन्याची लंका येते. खऱ्याखुऱ्या लंकेशी इतिहासाच्या तासाला आपली भेट होते ती बहुतेक एकदाच. सम्राट अशोकाने महेंद्र आणि संघमित्रा यांना तिकडे पाठवले, हे वाक्य वाचून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. महेंद्राचे स्वागत करणारा राजा कोण होता, त्याचे राज्य कशावर चालत होते, पुढे त्या राज्याचे काय झाले, हे विद्यार्थी सहसा विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही.

त्या राजाचे नाव देवानंपिय तिस्स. त्याची राजधानी अनुराधपूर. बेटाच्या उत्तर-मध्य भागातले हे नगर सुमारे १३०० वर्षे सिंहली राजांची राजधानी होते. त्यानंतर जवळजवळ २०० वर्षे हा मान पोलोन्नरुवा या नगराला मिळाला. इतका दीर्घ काळ राजधानी राहिलेली नगरे जगात थोडीच सापडतील. नवल असे की ही दोन्ही नगरे बेटाच्या कमी पावसाच्या भागात वसली होती. नैर्ऋत्येला बारमाही हिरवा प्रदेश असताना राजांनी कोरड्या भागात राज्य का थाटले? आणि तिथे ते इतकी शतके टिकले कसे? या लेखात आपण सिंहली राजांची ओळख करून घेऊ. पण लढायांच्या क्रमाने न जाता पाण्याच्या वाटेने जाऊ.

पाऊस आणि जमीन

श्रीलंकेच्या दक्षिण-मध्य भागात उंच डोंगर आहेत. मे ते सप्टेंबरमध्ये येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा या डोंगरांना अडतो आणि अलीकडचा भाग चिंब भिजवतो. तिथे वर्षाला २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगरापलीकडच्या मैदानाला या वाऱ्यातून फारसे काही मिळत नाही. कोकण आणि माणदेश यांच्यातला फरक आपल्याला ठाऊक आहेच. या मैदानात पाऊस येतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. बेटाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग या 'कोरड्या प्रदेशात' मोडतो.

'कोरडा' हा शब्द थोडा फसवा आहे. इथे वर्षाला साधारण १२०० ते १९०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षा कितीतरी जास्त. अडचण अशी की तो तीन-चार महिन्यांत पडून जातो. नंतर कडक ऊन आणि कोरडा वारा यांमुळे उघड्यावरचे पाणी भराभर आटते. खाली कठीण खडक असल्यामुळे जमिनीत मुरलेले पाणीही फारसे साठून राहत नाही. भाताला तर खाचरात उभे पाणी लागते.

पण हे पावसाचे पाणी अडवता आले, तर हाच प्रदेश उत्तम ठरतो. जमीन सपाट व हलक्या उताराची आहे, ऊन भरपूर आहे, आणि ओल्या प्रदेशातल्या घनदाट अरण्यापेक्षा इथले जंगल साफ करणे सोपे. दोन बुटक्या टेकाडांमधल्या खोलगट जागी मातीचा बांध घातला की तलाव तयार. सिंहली भाषेत अशा तलावाला 'वॅव' म्हणतात. हा शब्द संस्कृत-पालीतल्या 'वापी'वरून आला. गुजरातीतली 'वाव' आणि आपल्याकडची 'बाव' ही त्याचीच भावंडे. सिंहली ही आपल्या मराठीप्रमाणेच प्राकृतापासून निघालेली भाषा आहे, हेही यानिमित्ताने विद्यार्थ्यांना सांगता येईल.

महावंस आणि त्याचे वजन

प्राचीन लंकेचा इतिहास सांगणारा मुख्य ग्रंथ म्हणजे 'महावंस'. तो पाली भाषेत, पद्यात आहे. अनुराधपूरच्या महाविहारातल्या महानाम नावाच्या भिक्षूने तो इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात रचला असे मानतात. त्याच्याआधीचा 'दीपवंस' चौथ्या शतकातला. महावंसाची कथा महासेन राजापाशी थांबते. ती पुढच्या शतकांत इतर भिक्षूंनी वाढवली; त्या भागाला 'चूळवंस' म्हणतात.

या ग्रंथांचे भारताच्या इतिहासावरही मोठे उपकार आहेत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप कलकत्त्यात ब्राह्मी लिपीची अक्षरे लावत होता. शिलालेख वाचता येऊ लागले, पण त्यांतला 'देवानंपिय पियदसि' हा राजा कोण हे कळेना. प्रिन्सेपला प्रथम वाटले की हा लंकेचा देवानंपिय तिस्सच असावा. लंकेत नोकरीवर असलेल्या जॉर्ज टर्नर या अधिकाऱ्याने महावंसाचा अभ्यास केला होता. पियदसि हे अशोकाचेच नाव असल्याचा पुरावा त्याला दीपवंसात मिळाला, आणि भारतातला एक विसरलेला सम्राट पुन्हा इतिहासात आला.

तरीही महावंस हा एका विहारातल्या भिक्षूने लिहिलेला ग्रंथ आहे, हे विसरून चालत नाही. कोणता राजा मोठा हे ठरवताना त्याने विहाराला काय दिले याला तो सर्वाधिक महत्त्व देतो. हे वजन मोजूनही पाहता येते. मूळ महावंसात ३७ प्रकरणे आहेत. त्यांतली ११ एकट्या दुट्ठगामणी राजाला दिली आहेत. या राजाने २४ वर्षे राज्य केले. त्यानंतरच्या वसभ राजाने ४४ वर्षे राज्य केले, पण त्याला 'बारा राजे' नावाच्या एका प्रकरणात इतर अकरा जणांबरोबर जागा मिळाली आहे.

ग्रंथातली सुरुवात तर निव्वळ दंतकथेची आहे. सिंहाचा नातू विजय सातशे साथीदारांसह गलबतातून हद्दपार होतो आणि बुद्धाच्या परिनिर्वाणाच्याच दिवशी लंकेत उतरतो. वाटेत तो सुप्पारक बंदराला लागला होता, पण साथीदारांच्या दांडगाईमुळे त्याला तिथून निघावे लागले, असे महावंस सांगतो. हे सुप्पारक म्हणजे आपले सोपारा. विजयाची कथा खरी मानता येत नाही. पण कथा रचणाऱ्याला पश्चिम किनाऱ्यावरचे हे बंदर माहीत होते, एवढे त्यावरून नक्की कळते.

जमिनीतला आणि खडकावरचा पुरावा

महावंसानुसार अनुराधपूर वसवले ते पंडुकाभय राजाने, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास. सिरन देरणियगल आणि रॉबिन कनिंगहॅम यांच्या उत्खननांनी मात्र तिथली वस्ती इ.स.पू. ९ व्या शतकाच्या आसपास नेऊन ठेवली आहे. लोखंड वापरणारे, भात पिकवणारे, गुरे आणि घोडे बाळगणारे लोक तिथे पंडुकाभयाच्या आधी कितीतरी पिढ्या राहत होते. म्हणजे नगर राजाने 'वसवले' म्हणण्यापेक्षा, आधीच वाढत असलेल्या वस्तीला राजा मिळाला असे म्हणणे अधिक बरोबर.

दुसरा पुरावा शिलालेखांचा. लंकेत भिक्षूंना राहण्यासाठी नैसर्गिक गुहा दान देण्याची प्रथा होती. गुहेच्या कपाळावर पन्हळ कोरून पावसाचे पाणी बाहेर वळवत आणि त्याखाली दात्याचे नाव ब्राह्मीत कोरत. असे हजाराहून अधिक छोटे लेख सापडले आहेत. सेनरत परणवितान यांनी १९७० मध्ये ते एकत्र प्रसिद्ध केले. दात्यांमध्ये राजे आहेत, पण अधिक संख्या इतरांची: 'परुमक' म्हणजे स्थानिक प्रमुख, 'गमिक' म्हणजे गावाशी संबंधित अधिकारी, 'गहपति' म्हणजे घरमालक, उपासिका, व्यापारी. आणि 'वापिहमिक', म्हणजे तलावाचे स्वामी!

हा एक शब्द फार मोलाचा आहे. इसवी सनापूर्वीच्या त्या शतकांत तलाव राजाच्याच मालकीचे असत असे नाही, हे त्यातून दिसते. राजा मोठे बांध घालू लागण्याच्या आधीपासून गावोगावी छोटे तलाव होते, आणि त्यांचे मालक लेखात आपले नाव कोरवण्याइतके प्रतिष्ठित होते.

एळार आणि दुट्ठगामणी

आता महावंसाच्या त्या ११ प्रकरणांकडे वळू. चोळ देशातून आलेल्या एळार नावाच्या राजाने अनुराधपूर घेतले आणि ४४ वर्षे राज्य केले. दक्षिणेतल्या रोहण प्रदेशातून निघालेल्या दुट्ठगामणीने इ.स.पू. १६१ च्या सुमारास त्याला द्वंद्वयुद्धात मारून राज्य मिळवले. विसाव्या शतकात ही कथा शाळांतून आणि सभांतून 'सिंहली विरुद्ध तमिळ' अशी सांगितली गेली. १९८३ ते २००९ या काळात श्रीलंका ज्या यादवी युद्धात होरपळली, त्या काळातल्या भाषणांतही या दोन राजांची नावे घेतली जात होती. दोन हजार वर्षांपूर्वीची एक लढाई कशी सांगितली जाते, याला किती किंमत असू शकते ते इथे दिसते.

पण मूळ ग्रंथ नीट वाचला तर चित्र इतके सरळ नाही. एळार न्यायी होता हे महावंसच सांगतो. त्याने पलंगाच्या उशाशी घंटा बांधली होती, तिची दोरी बाहेर लोंबत असे आणि कुणीही फिर्यादी ती ओढू शके. आपल्या मुलाच्या रथाखाली वासरू मेले तेव्हा त्याने मुलालाही सोडले नाही. त्याला मारल्यावर दुट्ठगामणीने इतमामाने अंत्यसंस्कार केले, तिथे स्मारक उभारले आणि जवळून जाताना वाद्ये बंद ठेवण्याची प्रथा पाडली. दुट्ठगामणीच्या दहा योद्ध्यांपैकी नंदिमित्त हा एळाराच्याच सेनापतीचा भाचा होता. आणि सत्तेसाठी दुट्ठगामणी स्वतःच्या सख्ख्या भावाशीही लढला होता.

शिलालेख याला दुजोरा देतात. इसवी सनापूर्वीच्या लेखांत 'दमेड' म्हणजे तमिळ व्यापारी बौद्ध भिक्षूंना गुहा दान देताना दिसतात. अनुराधपुरातल्या एका लेखात तमिळ गहपतींच्या सभास्थानाचा उल्लेख आहे. बसण्याच्या जागांवर त्यांची नावे असून त्यांत एक नाविकही आहे. त्या काळच्या अनुराधपुरात हे लोक शत्रू म्हणून नव्हे, तर नगरवासी म्हणून राहत होते. महावंस या घटनांनंतर सहा-सातशे वर्षांनी लिहिला गेला. तेव्हा त्यात दिसणारी धर्मयुद्धाची भाषा लढणाऱ्यांची होती की लिहिणाऱ्याची, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मोठ्या तलावांचा काळ

इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून राजे मोठ्या प्रमाणावर पाण्याच्या कामात उतरले. वसभ राजाच्या (इ.स. ६७–१११) नावावर ११ तलाव आणि १२ कालवे आहेत. महासेनाच्या (इ.स. २७४–३०१) नावावर १६ तलाव आहेत. त्यांपैकी मिन्नेरिया आजही भातशेतीला पाणी देतो. याच महासेनाने जेतवन स्तूपाचे काम सुरू केले. मूळ १२० मीटरच्या आसपास उंच असलेला हा विटांचा स्तूप त्या काळी गिझाचे दोन मोठे पिरॅमिड वगळता जगातली सर्वांत उंच वास्तू होता. एवढ्या कामावरच्या माणसांना पोसायला धान्याचा केवढा साठा लागला असेल! स्तूप आणि तलाव या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या.

महासेनाची गोष्ट आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावी. त्याने महाविहाराशी वैर धरले आणि अभयगिरी या दुसऱ्या विहाराला पाठिंबा दिला. महावंसकाराच्या लेखी म्हणून तो पुण्य आणि पाप दोन्ही गाठीला बांधून गेलेला राजा आहे. मिन्नेरियाच्या परिसरातले शेतकरी मात्र त्याला 'मिन्नेरी देवियो' म्हणजे मिन्नेरियाचा देव म्हणून पुजत आले. एकाच माणसाचा हिशेब विहाराने एका वहीत लिहिला, शेतकऱ्याने दुसऱ्या.

पाचव्या शतकात धातुसेनाने (इ.स. ४५५–४७३) कलावॅव हा प्रचंड तलाव बांधला. त्याचा बांध सुमारे ६ किलोमीटर लांब आहे. या राजाचा मुलगा कश्यप याने बापाला कैद केले आणि खजिना कुठे आहे ते विचारले. धातुसेनाने कलावॅवकडे नेण्याची विनंती केली. तिथे ओंजळीत पाणी घेऊन, माझी संपत्ती ती हीच, असे त्याने सांगितले. कश्यपाने त्याला ठार केले आणि सूडाच्या भीतीने सिगिरियाच्या उभ्या खडकावर आपला महाल बांधला. खडकाच्या पायथ्याशी त्याने केलेल्या बागेतली कारंजी पावसाळ्यात आजही उडतात. गोष्ट चूळवंसातली आहे, तेव्हा तिच्यातला संवाद शब्दशः खरा धरू नये. पण राजाची संपत्ती कशात असते याविषयी त्या समाजाची समजूत काय होती, ते तिच्यातून कळते.

कलावॅवपासून अनुराधपूरच्या तिसा वॅवपर्यंत पाणी नेणारा कालवा म्हणजे जय गंगा, किंवा योद एळ. त्याची लांबी ८७ किलोमीटर आहे. पहिल्या सुमारे २७ किलोमीटरांत त्याचा उतार किलोमीटरला अवघा १० सेंटिमीटरच्या आसपास आहे. शाळेच्या १० मीटर लांब व्हरांड्यात एवढा उतार द्यायचा तर एका टोकाला फक्त १ मिलिमीटर खाली जावे लागेल! आजच्या उपकरणांशिवाय हे कसे साधले असेल? याचे बरेचसे उत्तर कालव्याच्या रचनेत आहे. जय गंगेला खालच्या अंगालाच बांध आहे. वरच्या अंगाला नाही. समपातळीची रेषा धरत तो वळणे घेत जातो. वरच्या उतारावरून येणारे पावसाचे पाणी त्यात सहज मिसळते आणि सखल जागी ते पसरून उथळ तळी बनतात. पाणी स्वतःच पातळी दाखवते, आणि बांधणारे तिच्यामागोमाग जातात. कालवा आणि लांबट तलाव अशी दोन्ही कामे त्यातून होतात.

बांधाच्या पोटातला चौक

मोठ्या तलावात एक अवघड प्रश्न येतो. पाणी साठवणे एकवेळ सोपे, पण हवे तेव्हा हवे तेवढे बाहेर सोडायचे कसे? समजा, मोरीवर ९ मीटर पाणी उभे आहे. घर्षण सोडून हिशेब केला तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग √(२ × ९.८ × ९), म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मीटर येतो. हा ताशी ४८ किलोमीटर झाला. असा झोत मातीच्या बांधातून सरळ जाऊ दिला तर तो मोरी कुरतडून बांधच फोडील. शिवाय एवढ्या दाबाखाली दार उघडणार कोण आणि कसे?

सिंहली स्थापत्यकारांनी यावर 'बिसोकोटुव' ही युक्ती काढली. बांधाच्या पाण्याकडील उतारात दगड-विटांचा चौकोनी चौक विहिरीसारखा खोल बांधायचा. तलावातले पाणी आधी मोरीतून या चौकात येते. चौकात वर-खाली सरकणारे दार असते. दार जेवढे उचलू तेवढेच पाणी आत शिरते. चौकात आपटून त्याचा जोर मरतो आणि मग दुसऱ्या मोरीतून ते शांतपणे कालव्यात जाते. बांधाच्या आतल्या अंगाला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगड रचत. हेन्री पार्कर हा ब्रिटिश पाटबंधारे अभियंता लंकेत अनेक वर्षे काम करीत होता. त्याने असे कित्येक चौक मोजले आणि १९०९ मधल्या आपल्या ग्रंथात नमूद केले की आधुनिक धरणांतल्या झडपांच्या मनोऱ्याचे हे आद्य रूप आहे व त्याचे श्रेय सिंहली अभियंत्यांना द्यायला हवे.

पाणी कोणाचे?

हे सगळे कोणी चालवले? १९५७ मध्ये कार्ल विटफोगेल या अभ्यासकाने असा सिद्धांत मांडला की मोठ्या पाटबंधाऱ्यांना मोठी नोकरशाही लागते आणि तिच्यातून एकहाती हुकूमशाही जन्मते. लंकेचे उदाहरण त्यात चपखल बसेल असे अनेकांना वाटले. एडमंड लीच या मानवशास्त्रज्ञाने मात्र १९५९ मध्ये त्याला आक्षेप घेतला. त्याने अनुराधपूर भागातल्या पुल एलिया या छोट्या गावाचा बारकाईने अभ्यास केला होता. एक तलाव, त्याखालची भातखाचरे आणि काही कुटुंबे. पाणीवाटप त्यांचे तेच करीत. त्यासाठी राजाची गरज नव्हती. १९७१ मध्ये इतिहासकार रणवीर गुणवर्धन यांनी शिलालेखांच्या आधारे दाखवले की राजा, विहार, स्थानिक श्रीमंत आणि गाव असे पाण्याचे अनेक वाटेकरी होते.

लेखांत 'दकपति' नावाची पाणीपट्टी येते. राजे ती वसूल करीत आणि पुष्कळदा विहारांना बहाल करीत. चौथ्या शतकातल्या तोणिगल इथल्या लेखात एका व्यापारी श्रेणीकडे भात आणि कडधान्ये ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, हंगामाला मिळणाऱ्या व्याजातून भिक्षूंना जेवण द्यायचे, अशी अट आहे. दहाव्या शतकात चौथ्या महिंदाने मिहिंतले इथे कोरवलेल्या शिलांवर विहारातल्या नोकरांची कामे आणि त्यांचा मोबदला तपशीलवार दिला आहे. अनेक संस्था आपापल्या हिशेबाने काम करीत होत्या, हे यातून दिसते.

गावपातळीवरची व्यवस्था तर फारच शहाणपणाची होती. एका ओहोळावर एकाखाली एक असे तलाव असत. वरच्या शेतातून निथळलेले पाणी खालच्या तलावात जाऊन पुन्हा वापरले जाई. तलावाच्या वरच्या काठाला झाडांचा पट्टा राखत. त्याने वारा अडे आणि बाष्पीभवन कमी होई. पाणी तलावात शिरण्याआधी गाळ अडवणारी डबकी असत. पाणी कमी पडले तर 'बेत्म' ही रीत होती: तलावाजवळची थोडीच जमीन त्या हंगामात कसायची, आणि ती सर्व शेतकऱ्यांत तात्पुरती वाटून घ्यायची. ज्याची जमीन दूर होती तोही उपाशी राहत नसे. या साखळी-तलावांच्या पद्धतीला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने जागतिक महत्त्वाचा शेती-वारसा म्हणून मान्यता दिली.

पोलोन्नरुवा

इ.स. ९९३ मध्ये राजराज चोळाच्या सैन्याने उत्तर लंका जिंकली. १०१७ मध्ये पाचवा महिंद पकडला गेला आणि भारतात कैदेतच वारला. चोळांनी राजधानी पोलोन्नरुवाला केली. १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूने त्यांना घालवले, पण राजधानी तिथेच ठेवली.

या काळातला सर्वांत नावाजलेला राजा म्हणजे पहिला पराक्रमबाहू (११५३–११८६). पावसाचे पाणी माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू नये, असा त्याचा निर्धार चूळवंसात सांगितला आहे. त्याने बांधलेल्या व दुरुस्त केलेल्या कामांची यादीही आहे: १६५ बंधारे, ३९१० कालवे, १६३ मोठे तलाव, २३७६ छोटे तलाव. दरबारी आकडे असल्याने ते जपून घ्यावेत. पण यादीतला 'दुरुस्त केलेल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याचा प्रसिद्ध 'पराक्रम समुद्र', ज्याचा बांध सुमारे १४ किलोमीटर लांब आहे, तोही पूर्णपणे नवा नव्हता. आधीच्या शतकांतला तोपा वॅव त्यात सामावून घेतला आहे. प्रत्येक राजा आधीच्या पिढ्यांच्या मातीवर माती टाकत होता, आणि नाव मात्र शेवटच्याचे राहिले.

त्याच्यानंतरच्या निश्शंकमल्लाने (११८७–११९६) करमाफी आणि दानधर्म यांची वर्णने ठिकठिकाणी कोरून ठेवली. त्याचा 'गल पोत', म्हणजे दगडी ग्रंथ, आठ मीटर लांब आणि अंदाजे २५ टन वजनाचा आहे. त्याच्या मृत्यूनंतर गादीसाठी झगडे सुरू झाले. १२१५ मध्ये कलिंगाच्या माघाने स्वारी करून राज्य उद्ध्वस्त केले. यानंतर सिंहली राजधान्या हळूहळू नैर्ऋत्येकडे सरकल्या: दंबदेणिया, यापहुव, कुरुणेगल, गंपोल, कोट्टे आणि शेवटी कँडी. उत्तरेचे मैदान रानाने व्यापले.

काय मोडले, काय उरले?

हा ऱ्हास का झाला याची अनेक कारणे दिली जातात: स्वाऱ्या, गादीचे भांडण, दुष्काळ, मलेरिया. फुटक्या तलावांच्या डबक्यांत मलेरियाचे डास वाढतात, तेव्हा मलेरिया हे ऱ्हासाचे कारण की परिणाम, हाही प्रश्नच आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वाऱ्या पूर्वीही झाल्या होत्या आणि त्यानंतर तलाव पुन्हा दुरुस्त झाले होते. तेराव्या शतकात दुरुस्ती करणारी यंत्रणाच उरली नाही. ८७ किलोमीटरच्या कालव्याला एका जागी भगदाड पडले, तर ते बुजवायला अनेक गावांची माणसे हाताशी लागतात. राज्य मोडले की ती मिळत नाहीत.

गावतलावाचे तसे नाही. असंख्य छोटे तलावही गाळाने भरून गेले. पण जिथे पाच-दहा कुटुंबे टिकली तिथे ती आपला बांध स्वतः घालू शकत होती. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज कँडीच्या राज्यात १९ वर्षे कैदेत होता आणि १६७९ मध्ये अनुराधपूरच्या वाटेने निसटला. त्याने गावोगावच्या अर्धचंद्राकृती बांधांच्या तलावांचे वर्णन केले आहे. तलाव एकदा भरला की गावकरी पीक कोठारात आल्यासारखेच धरत, असे तो नोंदवतो. महानगर जाऊन चारशे वर्षे झाली होती, आणि तरी ही विद्या जिवंत होती.

पुढे ब्रिटिशांनी १८३२ मध्ये 'राजकारिय' ही सक्तीच्या श्रमाची पद्धत रद्द केली. माणसांची वेठ सुटली हे चांगलेच झाले. पण तलावाच्या डागडुजीसाठी एकत्र येण्याचा जुना आधारही त्याबरोबर सैल झाला. म्हणून १८५६ मध्ये कायदा करून गावांच्या पाणीवाटपाच्या रूढींना पुन्हा मान्यता द्यावी लागली. मोठ्या तलावांपैकी कलावॅव १८८७ मध्ये, मिन्नेरिया १९०३ मध्ये दुरुस्त झाला. आज त्यांतून भात पिकतो आहे.

वर्गात काय करता येईल?

राजांची नावे आणि सनावळी पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांपुढे तीन प्रश्न ठेवावेत असे आम्हाला वाटते. ही माहिती आपल्याला कोणी दिली आणि त्याला काय महत्त्वाचे वाटत होते? 'राजाने बांधले' या वाक्यात माती वाहणारी, हिशेब ठेवणारी आणि नंतर दरवर्षी गाळ काढणारी माणसे कुठे आहेत? आणि राजा गेल्यावर ते काम कोणी सांभाळले?

हेच प्रश्न शाळेजवळच्या जुन्या तलावाला, बारवेला किंवा बंधाऱ्यालाही लावता येतील. तिथे कोरलेली पाटी असेल तर ती उतरवून घ्यावी आणि मग गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की गाळ कोण काढत असे, पाणी कोण सोडत असे, कमी पडले तर कसे वाटत. पाटीवरची माहिती आणि सांगितलेली माहिती विद्यार्थ्यांनी दोन रकान्यांत लिहावी. जोडीला व्हरांड्यात पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी धरून दोन्ही टोकांची पातळी जुळवावी, आणि एक टोक १ मिलिमीटर खाली आणून दाखवावे. जय गंगेचा उतार किती होता ते मुलांना तेव्हा डोळ्यांनी दिसेल.